शेळी गाभण आहे का? पाच महिन्यांचा हिशेब

माणसांच्या आरोग्याच्या या सदरात आज शेळी कुठून आली, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर शेळी हीच पुष्कळ घरांची आजारपणाची तरतूद असते. घरात कोणी आडवे पडले, औषधांची चिठ्ठी हातात आली, की नजर आधी दारातल्या शेळीकडे जाते. त्या घाईत ती गाभण आहे हे ठाऊक नसेल, तर पोटातल्या दोन करडांसह ती एका शेळीच्या भावात बाजारात जाते. शिवाय गाभण शेळीची निगा चुकली, तर तिच्याबरोबर घरातल्या माणसांनाही आजार होऊ शकतो. म्हणून हा विषय आजच्या सदरात घेतला आहे.

तारीख लिहून ठेवा

शेळी साधारणतः दर १८ ते २१ दिवसांनी माजावर येते आणि हा माज एक ते दीड दिवस टिकतो. या काळात ती सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा कमी खाते, दुसऱ्या शेळ्यांवर उडते आणि निरणातून पारदर्शक चिकट स्राव जातो. बोकड लागला, की त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर खूण करावी. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा आहे. चार-पाच दिवस पुढे-मागे होतात.

ज्यांचा हिशेब तिथीवर चालतो, त्यांना हे आणखी सोपे आहे. पाच चांद्रमास म्हणजे सुमारे १४८ दिवस. तेव्हा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते त्या चैत्री पौर्णिमेला फळलेली शेळी भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास विते. मध्ये अधिक महिना आला, तर तोही मोजण्यात धरावा. हाच हिशेब उलटाही लावता येतो. माघात फळलेली शेळी आषाढात, ऐन धुवाधार पावसात विते. ओल्या गोठ्यात जन्मलेली करडे सर्दी-न्यूमोनियाने लवकर दगावतात. दिवाळीनंतर कार्तिकात फळलेल्या शेळीची करडे चैत्रात कोरड्या जमिनीवर येतात आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी चांगली सावरतात.

आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जातात आणि शेळ्या घरच्या म्हाताऱ्या माणसांवर सोपवतात. निघताना शेळीबरोबर तिची तारीखही सांगून जावी.

गाभण असल्याच्या खुणा

पहिली खूण म्हणजे २१ दिवसांनी शेळी पुन्हा माजावर न येणे. मात्र ही खूण पुरेशी नाही. अशक्त, जंतांनी पोखरलेली शेळीही माज दाखवत नाही. म्हणून आणखी २१ दिवस थांबून पुन्हा पाहावे.

तिसऱ्या महिन्यानंतर पोट वाढू लागते. शेळीच्या पोटाचा चाऱ्याचा मोठा कप्पा डाव्या बाजूला असतो. चरून आलेल्या शेळीची डावी कूस फुगलेली दिसते, तो गर्भ नव्हे. गर्भाची वाढ उजवीकडे खालच्या अंगाला दिसते. चौथ्या महिन्यात सकाळी उपाशी पोटी शेळीला उभी करून उजव्या कुशीखाली तळहात ठेवावा व हलकेच वर उचलल्यासारखे करावे. आत घट्ट गोळा हाताला लागून परत येतो. पोट दाबू नये किंवा बोटे रुतवू नयेत, त्याने इजा होते.

पहिलटकरीण पाठीची कास तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून आकार घेऊ लागते. जुन्या शेळीची कास मात्र शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भरते, म्हणून कासेवरून लवकर निष्कर्ष काढू नये.

कधी कधी गर्भाशयात नुसते पाणी साठून पोट वाढते आणि दिवस भरल्यावर पाणी वाहून जाते, करडू काही निघत नाही. घरचे लोक मग नजर लागली म्हणतात. हा आजार आहे, नजर नव्हे. सोनोग्राफीने फळल्यापासून सुमारे ३५ दिवसांनी गर्भ आहे की नाही हे समजते. ही सोय कुठे आहे, याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

शेवटचे दोन महिने

करडाच्या वजनाची सुमारे दोन-तृतीयांश वाढ शेवटच्या दोन महिन्यांत होते. म्हणून दुभती शेळी विण्यापूर्वी दीड ते दोन महिने आटवावी. पाल्याबरोबर रोज पाव किलोपर्यंत मक्याचा भरडा, भाताचा कोंडा व पेंड यांचे मिश्रण द्यावे, पण ते थोडे थोडे वाढवत न्यावे. लग्नातला उरलेला भात एकदम पुढे टाकल्याने पोट बिघडून गाभण शेळी दगावू शकते.

पोटात दोन-तीन करडे आणि खाणे अपुरे, अशी शेळी शेवटच्या महिन्यात अचानक सुस्त होते, खात नाही, झोकांड्या देते आणि तोंडाला गोडसर वास येतो. हे आजारपण गंभीर आहे. डॉक्टर येईपर्यंत, शेळी स्वतः गिळत असेल तरच, गुळाचे पाणी थोडे थोडे पाजावे.

जंताचे औषध मनाने देऊ नये. अल्बेंडॅझोल हे नेहमीचे औषध पहिल्या दीड महिन्यात दिल्यास करडात व्यंग येऊ शकते. आंत्रविषाराची लस विण्यापूर्वी सुमारे महिनाभर आधी दिल्यास चिकातून करडांनाही संरक्षण मिळते. डॉक्टरांना शेळीची तारीख सांगून विचारावे.

विण्याच्या वेळी

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, कास ताठ होते, शेळी कळपापासून दूर जाऊन पायाने जमीन उकरते. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या-पाऊण तासात करडू दिसले नाही, तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजावा आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. वार १२ तासांत पडली नाही, तरी ती ओढू नये, डॉक्टरांना दाखवावे.

शेळी गाभडली तर

दिवस भरण्यापूर्वी शेळी गाभडली, तर माणसांनी सावध व्हावे. त्यामागे ब्रुसेलोसिससारखा, माणसालाही लागणारा रोग असू शकतो. पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे नसतील, तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या हातात घालाव्यात. सर्व काही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्यापुढे टाकू नये. ती शेळी वेगळी बांधावी. घरातल्या गरोदर बाईने गाभडलेल्याच काय, विणाऱ्या शेळीजवळही जाऊ नये. तिच्या पोटातल्या बाळाला धोका असतो. शेळीचे दूध नेहमीच उकळून प्यावे. नंतर घरात कोणाला चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आपल्याकडे शेळ्या आहेत हे आवर्जून सांगावे. हिवतापाची तपासणी तर करावीच, पण केवळ हिवताप समजून बसू नये.

या सगळ्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर आणि एक पेन्सिल पुरते. ज्या घरी तारीख लिहिलेली असते, तेथे गाभण शेळी चुकून बाजारात जात नाही, खुराक वेळेवर सुरू होतो आणि विण्याच्या रात्री घरात कोणीतरी जागे असते.