इंग्रजीच्या दोन अडचणी आणि आपली मराठी



इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला एक उपदेश वारंवार ऐकावा लागतो. तो असा कीं, "इंग्रजी यावयास हवी असेल तर डोक्यांतली मराठी बाजूस ठेव." महाराष्ट्रांतील मराठी शाळांत सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकविली जाते, त्यामुळें हा उपदेश आतां सहा वर्षांच्या बालकाच्याही कानांवर पडूं लागला आहे. उपदेश करणाऱ्यांचा हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु तो उपदेश हितकर आहे काय, याची परीक्षा आज इंग्रजी व्याकरणांतील दोन प्रकरणें घेऊन करूं.

पहिलें प्रकरण 'जेरंड' या नांवाचें. इंग्रजी धातूला 'इंग' हा प्रत्यय लागून होणारें रूप पुष्कळदां नामाचें काम करतें, त्याला हें नांव आहे. नांव परकें असलें तरी वस्तु आपल्या घरचीच आहे. मराठी धातूला 'णें' लावून आपण जें धातुसाधित नाम करतों, तेंच हें. 'पोहणें हा चांगला व्यायाम आहे' याचें इंग्रजी 'स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज' असें होतें. या नामाला त्याचें कर्म किंवा क्रियाविशेषण जोडलें म्हणजे वाक्यांश तयार होतो. 'पुस्तकें वाचणें' हा मराठी वाक्यांश. इंग्रजींत कर्म मागून येतें, म्हणून 'रीडिंग बुक्स'.

आतां मुलें येथें एक चूक हटकून करतात. 'बुक्स' हें अनेकवचन कानीं पडतांच तीं पुढें 'आर' असें क्रियापद घालतात. अशा मुलाला नियम पाठ करावयास लावण्यापूर्वीं तेंच वाक्य मराठींत म्हणावयास सांगा. तो 'पुस्तकें वाचणें चांगलें आहे' असेंच म्हणेल. 'चांगलीं आहेत' असें चुकूनही म्हणणार नाहीं. वाक्याचा कर्ता 'पुस्तकें' नसून 'वाचणें' आहे, हें त्याच्या जिभेला शाळेंत येण्यापूर्वींच ठाऊक झालेलें असतें. तें त्याच्या ध्यानीं आणून दिलें कीं, 'रीडिंग बुक्स इज' हें त्याला सांगावेंही लागत नाहीं.

इंग्रजींतील खरा घोंटाळा निराळाच आहे. तेथें 'स्विमिंग' या एकाच रूपाचे मराठींत तीन अर्थ होतात: पोहणें, पोहत आणि पोहणारा. प्राचीन इंग्रजींत असें नव्हतें. नामाचा प्रत्यय 'उंग' किंवा 'इंग' असा होता, आणि धातुसाधित विशेषणाचा 'एंडे' असा वेगळा होता. पुढें मध्ययुगांत हे दोन्ही प्रत्यय 'इंग' या एकाच रूपांत मिळून गेले. इंग्रजींत जो भेद बुजला, तो मराठीनें अद्याप राखला आहे. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेलें मूल. पण 'स्लीपिंग कार' म्हणजे झोपलेला डबा नव्हे, तर झोपण्याचा डबा. मराठी अर्थ मनांत आणला कीं, कोणतें रूप नाम व कोणतें विशेषण, हें आपोआप उलगडतें.

याहून सूक्ष्म भेदही असाच उलगडतो. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'ही स्टॉप्ड टु टॉक' हीं वाक्यें दिसावयास जवळजवळ सारखीं. पण पहिल्याचा अर्थ 'त्यानें बोलणें थांबविलें', आणि दुसऱ्याचा 'तो बोलण्यासाठीं थांबला'. तसेंच 'आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर' म्हणजे 'पत्र टाकल्याचें मला आठवतें', आणि 'रिमेंबर टु पोस्ट द लेटर' म्हणजे 'पत्र टाकावयास विसरूं नको'. असे अर्थ पाठांतरानें राहत नाहींत. मराठीच्या आरशांत पाहिले म्हणजे विसरत नाहींत.

शब्दयोगी अव्ययांचेंही तसेंच. 'पोहणें' याला विभक्ति लागतांना 'पोहण्या' असें सामान्यरूप होतें: पोहण्यानें, पोहण्याची. इंग्रजींत त्याजागीं अव्यय पूर्वीं येतें आणि मागून 'इंग'चें रूप येतें: 'बाय स्विमिंग', 'फॉन्ड ऑफ स्विमिंग'. फक्त 'टु' या शब्दापाशीं सावध असावें, कारण तो दोन कामें करतो. पत्राच्या शेवटीं 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर' असें लिहिलेलें पुष्कळदां दिसतें, तें अशुद्ध होय. कसोटी सोपी आहे. त्याजागीं साधें नाम घालून पाहावें. 'टु युवर लेटर' असें चालतें, अर्थात् हा 'टु' शब्दयोगी आहे. म्हणून 'टु हिअरिंग' असेंच लिहिलें पाहिजे.

दुसरें प्रकरण तुलनेचें. येथें मात्र मराठी वाट सरळ दाखवीत नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. 'आंबा फणसापेक्षां गोड आहे' या वाक्यांत 'गोड' हें विशेषण जसेंच्या तसें राहतें. तुलनेचा सारा भार 'पेक्षां' या शब्दावर पडतो. म्हणून मूल 'स्वीट दॅन' असें लिहितें. इंग्रजीला 'दॅन' तर हवाच, पण विशेषणालाही खूण हवी: 'स्वीटर दॅन'. ही चूक सुधारतांना दुसरी घडते. 'अधिक गोड' हें मनांत येऊन 'मोअर स्वीटर' लिहिलें जातें. नियम असा कीं, विशेषणाला खूण एकदांच करावी. एका अवयवाच्या शब्दांना, तसेंच 'ईझी', 'हॅपी' यांसारख्यांना 'अर' लागतो. 'ब्यूटिफुल' यासारख्या लांब शब्दांपूर्वीं 'मोअर' येतें. 'गुड'चें 'बेटर' व 'बॅड'चें 'वर्स' हीं रूपें मात्र पाठच करावीं लागतात.

तरीही मराठी मुलाला येथें अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे शब्द आपण रोज वापरतों. त्यांतील 'इष्ठ' हा संस्कृताचा तमभावाचा प्रत्यय, आणि इंग्रजींतील 'एस्ट' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हीं दोन्ही रूपें एकाच मूळ रूपापासून निघालेलीं आहेत. मराठींत त्या प्रत्ययाचा जोर ओसरला, म्हणून आपण 'सर्वांत श्रेष्ठ' किंवा 'श्रेष्ठतम' असें दुहेरी बोलतों. शेक्सपिअरच्या नाटकांतही असे दुहेरी प्रयोग आढळतात; आजच्या शिष्ट इंग्रजींत ते चालत नाहींत, एवढेंच. तेव्हां 'मोस्ट स्वीटेस्ट' लिहिणाऱ्या मुलाला हंसूं नये. चूक दाखवावी आणि तिचें कारणही सांगावें.

शेवटीं दोन्ही प्रकरणें एका वाक्यांत जुळतात. 'बोलण्यापेक्षां ऐकणें सोपें आहे' याचें इंग्रजी 'लिसनिंग इज ईझिअर दॅन स्पीकिंग'. तराजूच्या दोन्ही पारड्यांत 'इंग'चेंच रूप ठेवावें. एकीकडे 'टु लिसन' आणि दुसरीकडे 'स्पीकिंग' अशी विजोड जोडी घालूं नये.

तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी बाजूस ठेवून नव्हे, तर मराठी वाक्य इंग्रजीच्या शेजारीं मांडून. ज्या मुलाला आपल्या भाषेची लाज वाटावयास लावली, त्याच्या हातचा हा आधार आपणच काढून घेतों. मग त्याला चूक दिसते, पण ती कां झाली हें कळत नाहीं. म्हणून पालकांना व शिक्षकबंधुभगिनींना एवढीच विनंती कीं, मुलाकडून रोज 'णें'चीं पांच आणि 'पेक्षां'चीं पांच मराठी वाक्यें लिहवून घ्यावीं, त्यांचें इंग्रजी करवावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या इंग्रजीचें पुन्हां मराठी करवावें. दोन्ही मराठी वाक्यें जुळलीं नाहींत, तर चूक कोठें झाली हें मूल स्वतःच शोधून काढील.