शीड आखडणे

बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. तरी तेथील मुलांनाही वाऱ्याचे बळ ठाऊक असते. वळवाच्या वादळात उघडी छत्री हाती धरवत नाही. शिडाच्या नौकेवरही हाच अनुभव येतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील त्याचा दाब चौपट होतो. मग नौका एका कुशीवर कलते, सुकाणू दाद देत नाही आणि डोलकाठी मोडण्याचे भय निर्माण होते. शीड साफ उतरवावे, तर नौकेची गती जाऊन ती लाटांच्या स्वाधीन होते. म्हणून शिडाचा खालचा भाग दुमडून त्याचा आकार कमी करतात. यालाच शीड आखडणे म्हणतात.

याची तयारी बंदरातच करावी लागते. मोठ्या शिडाची पुढची किनार डोलकाठीला लागून असते व खालच्या बाजूस एक आडवी काठी असते. पुढच्या व मागच्या किनारीवर ठरावीक उंचीवर धातूच्या कड्या बसवलेल्या असतात. मागच्या कडीतून दोर ओवून तो आडव्या काठीवरील कप्पीतून पुढे आणतात. हा दोर कडीला खाली आणि मागे, असा दोन्हीकडे ओढील अशा जागी बांधावा लागतो; नाहीतर शिडाला झोळ पडतो.

वारा वाढू लागताच प्रथम आडव्या काठीचा दोर सैल सोडून शिडातील वारा काढून टाकतात. मग शीड थोडे उतरवतात, पुढची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवतात आणि शीड वर खेचणारा दोर पुन्हा ताठ करतात. नंतर मागचा दोर ओढून मागची कडी आडव्या काठीशी आणतात. मधला सैल भाग लहान दोऱ्यांनी हलकेच बांधतात. या दोऱ्यांवर ताण येता कामा नये. आला तर तेथेच शीड फाटते.

कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी सुखरूप परतल्या. अशा सफरीत भर रात्री, गार वाऱ्यात भिजत हेच काम करावे लागते. त्या वेळी एक झिजलेला दोरही प्राणावर बेतू शकतो.

म्हणून दोर व कप्प्या गोड्या पाण्याने धुतात, घासलेला दोर वेळीच बदलतात आणि उन्हाने कमजोर झालेली शिवण पुन्हा घालतात. जाणते दर्यावर्दी सांगतात, शीड आखडावे असा विचार मनात येताच ते आखडावे. वादळ अंगावर आल्यावर तेच काम दसपट अवघड होते.