परवान्यावर सही कोणाची?

स्वशासन बहाल झाले, एवढ्याने ते हाती येत नाही. नाड्या कोणाकडे राहिल्या, हे पाहावे लागते. बर्म्युडा या ब्रिटिश बेटसमूहाला १९६८ च्या राज्यघटनेने स्वतःचे मंत्रिमंडळ दिले. परंतु संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि पोलीस ही खाती लंडनने नेमलेल्या गव्हर्नरकडेच राहिली. टर्क्स आणि कैकॉस बेटांचे स्वशासन तर भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर लंडनने २००९ मध्ये स्थगितच केले. ते परत मिळण्यास २०१२ उजाडले.

त्याच २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. तथापि बांबू गावाचा झाला तरी त्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले ते एप्रिल २०११ मध्ये. जो माल बाजारापर्यंत नेता येत नाही, त्यावरील मालकी अर्धीच होय.

म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीतील गावांना मिळालेल्या वनहक्कांचे मोजमाप केवळ हेक्टरांत करून भागणार नाही. परवान्यावर सही कोणाची, हे आधी विचारावयास हवे.