तीनशे मीटरवरचा बिबट्या आणि सहा ठिपके

मका डोक्याएवढा वाढला की कन्नड तालुक्यात पिशोरच्या आसपास एक ठराविक फोटो मोबाइलवर फिरू लागतो. दूर बांधाच्या कडेला पिवळसर काहीतरी बसलेले, फोटो ताणून ताणून फाटलेला आणि खाली ओळ, ‘सावध राहा, बिबट्या आलाय.’ गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे डोंगर जवळच असल्याने बिबट्याचा वावर या भागाला नवा नाही. त्यामुळे फोटो हसण्यावारी नेता येत नाही. रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला जायचे की मोटार बंदच ठेवायची, हे त्या एका चित्रावर ठरते. आणि ते चित्र अनेकदा गावकुत्र्याचे, रानमांजराचे किंवा चक्क वाळलेल्या झुडपाचे असते.

फोटो काढणाऱ्याचा यात दोष नसतो. हिशेबच तसा आहे. साध्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा तीनशे मीटरवर सुमारे चारशे मीटर रुंदीचा पट्टा टिपतो आणि तो चार हजार ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये वाटतो. एका ठिपक्याच्या वाट्याला दहा सेंटीमीटर येतात. खांद्याशी साठ सेंटीमीटर उंचीचा बिबट्या या चित्रात सहा ठिपक्यांचा होतो. अंगावरची फुले काही सेंटीमीटरची, त्यामुळे ती उमटण्याचा प्रश्नच नाही. मग बोटांनी फोटो मोठा केला की फोनमधील प्रणाली मधल्या जागा अंदाजाने भरते. त्या अंदाजात कुत्र्याच्या पाठीवरही ठिपके दिसू शकतात.

वन्यजीव टिपणारे हौशी लोक म्हणूनच लांब पल्ल्याची भिंगे वापरतात. २४ मेगापिक्सेलचा, मध्यम आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरचे भिंग असले, तर तीनशे मीटरवर एका ठिपक्यात तीन मिलिमीटर मावतात. तोच बिबट्या आता दोनशे ठिपके उंच होतो आणि शंकेला जागा उरत नाही. पण अशी भिंगे महाग. त्यामुळे टेलिकन्व्हर्टर हा स्वस्तातला मार्ग पुढे येतो. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये बसणारा हा छोटा भिंगसंच प्रतिमा १.४ पट किंवा दुप्पट मोठी करतो. कल्पना जुनी आहे. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे, दुर्बिणीची प्रतिमा मोठी करणारे भिंग एकोणिसाव्या शतकातले. आकाशनिरीक्षकांच्या पेटीत ते आजही असते.

मात्र टेलिकन्व्हर्टर प्रकाश निर्माण करत नाही. आहे तोच प्रकाश तो अधिक जागेवर पसरवतो. १.४ पटीचा लावला की सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला निम्मा प्रकाश मिळतो, दुपटीचा लावला की पावच. बिबट्या फिरतो तिन्हीसांजेला, नेमका प्रकाश कमी असताना. अशा वेळी शटर सावकाश ठेवावे लागते आणि प्राणी हलला की चित्र पुसले जाते, किंवा संवेदनशीलता वाढवावी लागते आणि चित्रभर दाणे येतात. अंधार पडू लागल्यावर टेलिकन्व्हर्टर काढून ठेवावा, हा सल्ला विकत घेतलेली वस्तू पिशवीत ठेवायला सांगतो, म्हणून पटायला जड जातो. तरी तोच बरोबर आहे.

लहान सेन्सरचे कॅमेरे हा दुसरा मार्ग. त्यांचे ठिपकेच बारीक असतात, त्यामुळे तेच भिंग त्यांच्यावर अधिक ‘जवळचे’ चित्र देते. एका अर्थी टेलिकन्व्हर्टर आत बसवूनच आलेला असतो. म्हणून मोठ्या सेन्सरला टेलिकन्व्हर्टरचा जितका फायदा होतो, तितका लहान सेन्सरला होत नाही. दोन्ही एकत्र केले तर चित्र मोठे होते, माहिती मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

याचे कारण पुढच्या भिंगाच्या रुंदीत आहे. प्रकाश लाटांनी बनलेला असल्याने अरुंद वाटेतून जाताना तो किंचित पसरतो. वाट जितकी अरुंद तितका पसारा जास्त. ४०० मिलिमीटर, एफ ५.६ या भिंगाची वाट ७१ मिलिमीटर रुंद. तीनशे मीटरवर ते जेमतेम तीन मिलिमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते. मागे कोणताही टेलिकन्व्हर्टर जोडा, पुढची वाट रुंदावत नाही. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन पी १००० या १२५ पट झूमच्या कॅमेऱ्याचे उदाहरण बोलके आहे. जाहिरातीत ३००० मिलिमीटर, प्रत्यक्ष भिंग ५३९ मिलिमीटरचे आणि पूर्ण झूमवर वाट ६७ मिलिमीटरची. त्याचा प्रत्येक ठिपका तीनशे मीटरवर एक मिलिमीटरही व्यापत नाही. पण भिंगच तीन मिलिमीटरवर अडते. कॅमेरा वाईट नाही, किमतीच्या मानाने उत्तमच. फक्त ३००० या आकड्यावर भाळू नये.

इतके जमवूनही चित्र पाणी शिंपडल्यासारखे येते, तेव्हा लोक दुकानदाराला दोष देतात. खरा दोषी असतो मधली हवा. नांगरलेली काळी जमीन उन्हाने तापली की तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी वर उठते. गरम आणि थंड हवेचे पुंजके प्रकाशाला वेगवेगळे वाकवतात. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण डोंगरावर बांधली, त्यामागे हेही एक कारण. आणि तिथे तर प्रकाश वरून येतो. शेतात तो तीनशे मीटर जमिनीला घासून येतो. यावर भिंगाचा इलाज नाही. सूर्य उगवल्यापासूनचे दोन-अडीच तास साधावेत, नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरचा विजेचा खांब मोठा करून पाहावा. खांब सापासारखा वळवळत असेल तर चहा प्यायला जावे. उंचावरून, धरणाच्या भिंतीवरून वगैरे पाहिले तर थोडा फरक पडतो. गाडीतून टिपायचे असेल तर एसी आणि इंजिन दोन्ही बंद करून काच आधीच उघडून ठेवावी, नाहीतर खिडकीतच आतली-बाहेरची हवा मिसळून तोच प्रकार होतो.

हाताची थरथरही भिंगाबरोबर मोठी होते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावे. ट्रायपॉड नसला तरी चालते. पिशवीत चार-पाच किलो मका भरून ती बांधावर किंवा गाडीच्या खिडकीत टाकावी आणि भिंग तिच्यावर रोवावे. बटण एकदा दाबून पाच-सहा फोटो सलग घ्यावेत. पहिला बोटाच्या दाबाने हलतो, मधला एखादा नितळ निघतो.

तरीही अंतर कमी होण्याला पर्याय नाही, आणि ते माणसाने पुढे सरकून कमी करायचे नसते. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात वाघ आल्याचे कळले ते वाटेवर बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपमुळे. त्याला लांब भिंग नव्हते. वाघच त्याच्या समोरून गेला. चित्र इतके स्वच्छ होते, की पट्ट्यांच्या नक्षीवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आल्याचे ओळखता आले.

शेतात दूरवर काही दिसले आणि हाताशी फोनच असला, तर झूम न करता, शेजारचा खांब किंवा बांध चौकटीत येईल असा फोटो घ्यावा. नंतर उजेडी चार माणसांनी जाऊन तोच खांब मोजला की प्राण्याच्या उंचीचा अंदाज येतो. मांजर की कुत्रा की बिबट्या, हा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेला अर्धा ओल्या मातीत असतो. कुत्र्याच्या पावलात नखांच्या खुणा उमटतात, बिबट्याच्या सहसा उमटत नाहीत. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून वीतभर उंचीवरून सरळ खाली फोटो काढावा आणि वन विभागाला १९२६ वर कळवावे. तीनशे मीटरवर ज्याचा एक ठिपका दहा सेंटीमीटर गिळत होता, त्याच फोनचा ठिपका इतक्या जवळून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत पाहतो.