अचानक आलेली थंडी आणि शरीरातली शेगडी



ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात साउथ डकोटाच्या पश्चिम भागात ‘ॲटलस’ नावाचे हिमवादळ आले आणि दहा हजारांहून अधिक गुरे मेली. तिथली गुरे जानेवारीतली कडाक्याची थंडी उघड्यावर काढतात. मग ऑक्टोबरमध्येच एवढी का दगावली? याचे उत्तर आपल्या वयाच्या माणसांच्याही कामाचे आहे.

कातडीला गारठा लागला की मेंदूतील हायपोथॅलॅमसला लगेच वर्दी जाते. मज्जातंतूंतून नॉरॲड्रिनलिन सुटते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात, इन्सुलिन मागे सरते. यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते, चरबीचेही इंधन होते आणि स्नायू थरथरू लागतात. कुडकुडणे ही शरीराने पेटवलेली शेगडीच.

एवढे सारे काही मिनिटांत होते. दाट केस वाढायला मात्र आठवडे लागतात. ॲटलसच्या आधी हवा उबदार होती. गुरे उन्हाळी कुरणांत होती, अंगावर हिवाळ्याचे केस आले नव्हते. आधी गार पाऊस झाला, मग बर्फ आणि ताशी ७० मैलांपर्यंत वारे. दाट, कोरड्या केसांच्या गाईला साधारण १८ अंश फॅरनहाइटपर्यंत जास्तीचे इंधन जाळावे लागत नाही; भिजलेल्या गाईला ते ५९ अंशांपासूनच लागते. इंधन संपले की थरथर थांबते आणि शरीर झपाट्याने गार पडते.

(नवजात वासराकडे तपकिरी चरबीचा छोटासा साठा असतो. तो संपायच्या आत पोटात चीक जावा लागतो. खरवस आपल्याला कितीही आवडो, पहिला हक्क वासराचाच.)

आता आपले पाहू. वयानुसार स्नायू कमी होतात, म्हणजे शेगडी लहान होते. रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या चटकन आकसत नाहीत आणि थंडी जाणवतेही उशिरा. थायरॉइड कमी असेल, जुना मधुमेह असेल किंवा बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर ही यंत्रणा आणखी मंदावते. (म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका!) घरात ६० ते ६५ अंश असतानाही वृद्धांच्या शरीराचे तापमान धोक्याइतके उतरू शकते. “आम्ही थर्मोस्टॅट बासष्टवर ठेवतो,” असे अभिमानाने सांगणारे काका मला देवळातच भेटतात. काका, अडुसष्टच्या खाली नेऊ नका.

बोलणे अडखळणे, गोंधळल्यासारखे वागणे, पेंग येणे आणि गारठ्यातही न कुडकुडणे ही धोक्याची लक्षणे. शरीराचे तापमान ९५ अंशांखाली गेले तर लगेच ९११ ला फोन करा. तोवर ओले कपडे काढून कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा. हातपाय चोळू नका.

हीटिंगचे बिल झेपत नसेल तर कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ‘लाइहीप’ ही केंद्र सरकारची मदत १९८१ पासून आहे. २११ ला फोन केल्यास आपल्या भागात अर्ज कुठे करायचा ते कळते. फॉर्म भरायला अडचण वाटली तर रविवारी आरतीनंतर मला भेटा. बिल आणि चष्मा तेवढा बरोबर आणा.