गोलघर (पाटणा)

गोलघर हे बिहारची राजधानी पाटणा येथील अठराव्या शतकातील धान्यकोठार होय. गांधी मैदानाच्या पश्चिमेस, गंगेच्या काठापासून जवळच ही घुमटाकार वास्तू उभी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अभियंता कॅप्टन जॉन गार्स्टिन याने ती बांधली. दुष्काळ कायमचा टळावा म्हणून उभारलेले हे कोठार पूर्णपणे असे कधीच भरले गेले नाही.

पार्श्वभूमी

१७६५ साली बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, कंपनीकडे आला. त्यानंतर पाचच वर्षांत या प्रदेशावर भीषण दुष्काळ कोसळला. बंगाली कालगणनेतील ११७६ या वर्षावरून तो ‘छियात्तरेर मन्वंतर’ म्हणून ओळखला जातो. त्यात सुमारे एक कोटी माणसे, म्हणजे लोकसंख्येचा तिसरा हिस्सा, मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. पीक बुडाले होते, तरी कंपनीची सारावसुली थांबली नव्हती. १७८३ मध्ये उत्तर हिंदुस्थानात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या कारकिर्दीत सरकारी धान्यकोठारांची योजना आखण्यात आली. २० जानेवारी १७८४ रोजी तिचा आदेश निघाला. २० जुलै १७८६ रोजी गोलघराचे काम पूर्ण झाले. पण हेस्टिंग्ज १७८५ च्या आरंभीच मायदेशी परतला होता.

वास्तुरचना

वास्तू वीट व चुन्याची असून तिची उंची सुमारे २९ मीटर आहे. पायथ्याचा बाहेरील घेर सुमारे १३० मीटर, तर तेथील भिंतीची जाडी ३.६ मीटर भरते. आत एकही खांब नाही. भिंतच वर निमुळती होत जाऊन घुमट बनते, त्यामुळे संपूर्ण भार जाड पायथ्यावर उतरतो. बाहेरून ही वास्तू बौद्ध स्तूपासारखी दिसते. स्तूप मात्र भरीव असतो आणि गोलघर पोकळ. या पोकळीमुळे आत उमटणारा प्रतिध्वनी प्रसिद्ध आहे.

घुमटाला बाहेरून वेढत दोन जिने माथ्यापर्यंत जातात. पायऱ्या १४५ आहेत. हमालांनी गोणी घेऊन एका जिन्याने चढावे, माथ्यावरील भोकातून धान्य आत ओतावे आणि दुसऱ्या जिन्याने उतरावे, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची गर्दी होऊ नये, अशी ही सोय होती. धान्य काढण्यासाठी तळाशी दारे ठेवली होती. ती आत उघडणारी असल्याने कोठार भरल्यावर उघडताच आली नसती, हा दोष नेहमी सांगितला जातो. नेपाळचे जंगबहादूर राणा घोड्यावर बसून हे जिने चढले, अशीही आख्यायिका आहे.

क्षमता

गोलघरात १,४०,००० टन धान्य मावते, हा आकडा अनेक ठिकाणी आढळतो. परंतु वास्तूच्या मापांशी तो जुळत नाही. आतील व्यास सुमारे ३३ मीटर आहे. घुमटाऐवजी तेवढ्याच व्यासाचा २९ मीटर उंचीचा सरळ दंडगोल धरला, तरी त्याचे आकारमान २५,००० घनमीटरांच्या आसपास येते. एका घनमीटरात साधारण ८०० किलो तांदूळ मावतो, म्हणजे २०,००० टन ही कमाल मर्यादा झाली. घुमट वर निमुळता होत असल्याने प्रत्यक्षात मावणारे धान्य याहून बरेच कमी असणार. माणशी रोज अर्धा किलो या हिशेबाने २०,००० टन धान्यही दोन कोटी लोकांना अवघे दोन दिवस पुरते. तेव्हा दारे कोणत्या बाजूला उघडतात यापेक्षा एवढ्या मोठ्या प्रांतांसाठी एकच कोठार असणे, ही योजनेची खरी उणीव म्हटली पाहिजे.

शिलालेख

कोठारावरील शिलालेखाला ‘क्रमांक १’ असा अंक दिलेला आहे. त्यापुढील क्रमांकांची कोठारे या योजनेतून उभी राहिली नाहीत. लेखात दुष्काळाच्या कायमच्या निवारणाचा हेतू, गार्स्टिनचे नाव आणि बांधकामपूर्तीची तारीख कोरलेली आहे. शेवटी हे कोठार प्रथम कोणी भरले व समारंभपूर्वक बंद केले, त्याच्या नावासाठी जागा सोडली होती. ती कोरीच राहिली.

सद्यस्थिती

पुढे गार्स्टिनने कोलकात्याचा टाउन हॉल बांधला. तो १८१३ मध्ये पूर्ण झाला. गोलघराचा उपयोग नंतरच्या काळात साधे गोदाम म्हणून होत राहिला. अलीकडे भिंतीला व पायऱ्यांना तडे गेल्याने त्याची दुरुस्ती करावी लागली. आज ते राज्य संरक्षित स्मारक असून माथ्यावरून गंगेचे पात्र आणि पाटणा शहराचा मोठा भाग दिसतो.