मांडीला जागं करायचं काम

सकाळी साडेसात. वॉर्डातली पहिली फेरी. काल गुडघा बदललेल्या काकू डोळे उघडताच विचारतात, "आज किती वाकवायचा?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी म्हणते, आधी सरळ करू. पावलं वर-खाली हलवून झाली, की गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवते आणि तो खाली दाबायला सांगते. माझी दोन बोटं वाटीच्या वर, मांडीवर. काकू जीव खाऊन दाबतात, कपाळाला आठ्या पडतात, बोटांखाली मात्र नुसती थरथर. याचा अर्थ त्या कमी जोर लावताहेत असा अजिबात नाही. सुजलेल्या गुडघ्याकडून येणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारा हुकूमच दाबून टाकतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद बरेचदा ऑपरेशनआधीच्या निम्म्याहूनही खाली येते. "पाच आकडे मोजा, सोडा, पुन्हा दाबा." पाचव्या-सहाव्या वेळी वाटी हलकेच वर सरकते. ते काकूंना हात लावून पाहायला लावते.

साडेनऊ. कोथरूडला घरी भेट, ऑपरेशनला दहा दिवस झालेले आजोबा. गुडघ्याखाली मऊ उशी. सूनबाईंनी मायेनेच ठेवलेली, पण पहिलं काम ती काढण्याचं. उशीवर आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि पुढे चाल लंगडी होते. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. आजोबा उचलतात, पण गुडघा जरासा वाकतोच. हातानं सरळ करता येतो, स्वतःहून होत नाही. याला आम्ही 'लॅग' म्हणतो. तो असेपर्यंत वॉकर सोडायची घाई नको. शेवटी वीस मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून.

दुपारी बारा. नोंदी आणि फोन. एकीची पोटरी सुजून दुखतेय. व्यायाम थांबवून आजच सर्जनना दाखवा, एवढंच सांगते. रक्ताची गुठळी असू शकते, तिथे वाट पाहायची नाही.

चार. क्लिनिक. दीड महिना झालेल्या मावशी खुर्चीतून झटकन उठून दाखवतात. प्रत्येक पावलाखाली एक असे दोन वजनकाटे ठेवून पुन्हा उठायला सांगते. चांगल्या पायाखालचा काटा भराभर पुढे जातो, ऑपरेशनच्या पायाखालचा मागेच रेंगाळतो. वर्षानुवर्षं दुखरा पाय जपायची सवय ऑपरेशनने जात नाही. काट्यांकडे बघत उठायचं, दोन्ही आकडे जवळ आणायचे. चौथ्यांदा उठताना मावशींची मांडी थरथरते, तेव्हा मला खरा आनंद होतो.

इथून पुढे वजन वाढवायचं. घोट्याला अर्धा किलो, मग एक. कमी उंचीची पायरी, मग नेहमीची. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा, कारण खुब्याचे स्नायू ढिले असले तर चालताना तोल जातो. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज शंभर वेळा होणाऱ्या व्यायामाने ताकद येत नाही, हे मी रोज सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त सुजला असेल, तर मात्र वजन कमी करायचं.

सहा. जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तीन महिने झालेल्यांना एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकायला शिकवते. या टप्प्यापर्यंत येणारे फारच थोडे असतात, आणि याचीच मला खंत वाटते. दुखणं थांबलं, गुडघा वाकला, की लोक यायचे बंद होतात. ताकद भरून यायला मात्र अनेक महिने लागतात, काहींना वर्षही.

घरात कुणाचा गुडघा बदलला असेल, तर वॉकर सुटल्यावर त्यांना बगलेत हात घालून उठवू नका. जवळ उभे राहा, वेळ लागू द्या, त्यांचं त्यांना उठू द्या.